ट्रेलरमधला संसार आणि खानदेशातला वळीव: बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये संसार मांडून खानदेशात यायचं ठरवलं असेल, तर ओटा केवढा आणि झोपायच्या जागा किती, हे प्रश्न नंतरचे. आधी महिना कोणता ते बघा. आरोग्य शिबिरासाठी, सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी किंवा पाड्यांवरच्या सेवेसाठी येणारं कुटुंब साहजिकच एप्रिल-मे धरतं, कारण मुलांना सुट्टी असते. नेमका तोच काळ वळवाचा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारभर जमीन तापते, चारच्या पुढे ढग चढतात आणि पावसाच्या आधी वारा सुटतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात मे-जूनच्या असल्या वाऱ्याने उभ्या केळीबागा आडव्या होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचं भय वेगळंच. घड लागलेली केळ ज्या वाऱ्यात मोडते, त्याच वाऱ्यात तुमचा ट्रेलर उभा असणार.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. मोठं वादळ येण्याआधी ट्रेलर सोडून पक्क्या इमारतीत जायचं आणि प्रार्थना तिथे बसून करायची. काही विश्वासी मंडळींना हे अविश्वासाचं वाटतं. प्रभू राखणारा आहे, मग पळायचं कशाला, असं ते विचारतात. मत्तयाचा चौथा अध्याय काढा. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं सैतान येशूला सांगतो आणि त्यासाठी तो आधार घेतो स्तोत्र ९१ चा. वादळात आपण घराघरांत जे स्तोत्र पाठ म्हणतो, तेच हे. येशूचं उत्तर एवढंच आहे की, देवाची परीक्षा पाहायची नसते. वाऱ्यात हलणाऱ्या पत्र्याच्या खोलीत लेकरांना धरून बसणं हे त्या टोकावर उभं राहण्यासारखंच आहे, असं माझं मत.

निघायच्या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेला प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पूर्ण वाचा. वादळाबद्दल इतका कामाचा अध्याय शास्त्रात दुसरा नाही. पौल आधी इशारा देतो की आता निघू नका. जहाजाचा मालक आणि तांडेल ऐकत नाहीत. मग वादळात जहाजाला खालून दोर आवळतात, माल समुद्रात टाकून वजन कमी करतात, मागच्या बाजूने चार नांगर सोडतात. कित्येक दिवस उपाशी असलेल्या २७६ माणसांना पौल बळेच जेवायला लावतो. आणि जहाज वाचेल असं वचन देव देतच नाही. जहाज जाईल, पण एकही जीव जाणार नाही, एवढंच वचन असतं. तसंच होतं. जहाज फुटतं, लोक फळ्यांवरून पोहत माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. ट्रेलरवर कर्ज असेल, सगळी जमापुंजी त्यात गेली असेल, तर नवरा-बायकोने या मुद्द्यावर आधीच बोलून घ्यावं. वारा सुटल्यावर “तू मुलांना घेऊन जा, मी इथे थांबून बघतो” असं कुणी म्हणायचं नाही, हे तेव्हाच ठरलं पाहिजे.

जागा

गावात शिरल्यावर पहिल्या संध्याकाळी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना भेटा. मंडळी असेल तर पाळकांना तुम्ही भेटालच, पण त्यांच्यावर सगळं सोडू नका. वडीलधाऱ्या माणसाला “आप्पा” नाहीतर “नाना” म्हणून दोन गोष्टी विचारा: मागच्या वळवात पत्रे कुणाचे उडाले, आणि नाल्याचं पाणी कुठवर चढतं. या दोन उत्तरांतून जेवढं कळतं तेवढं नकाशातून कळत नाही.

मे महिन्यात पांझरा, गिरणा, अनेर यांची पात्रं कोरडी, सपाट आणि मोकळी दिसतात. ट्रेलर लावायचा मोह होतो तो इथेच. तिथे लावू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. तापीकाठी हतनूरच्या खालच्या बाजूला मुक्काम असेल तर धरणाचे दरवाजे उघडायची सूचना गावात कशी येते, दवंडीने की मोबाइलवर, ते विचारून ठेवा.

सावलीचा मोह दुसरा. ४५ अंशांत चिंचेखाली किंवा निंबाखाली ट्रेलर लावावासा कुणालाही वाटेल. दिवसा झाडाखाली बाज टाकून बसा, ट्रेलर मात्र झाडाच्या उंचीइतका तरी लांब ठेवा. ऊन थोपवायला हिरवी शेडनेट बांधा, छताला पांढरा रंग द्या, दुपारी ओलं गोणपाट टाका. विजेच्या तारा, जाहिरातीचे फलक आणि सैल पत्र्यांची शेड यांपासूनही दूर राहा. वादळात माणूस जखमी होतो तो बहुधा दुसऱ्याच्या उडून आलेल्या पत्र्याने.

जमीन कोणती तेही पाहा. तापीखोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, भेगा पडलेल्या असतात. पहिल्या जोरदार सरीत तीच लोण्यासारखी होते. त्यात ठोकलेली मेख हाताने उपटून निघते आणि ट्रेलरचे टेकू एका बाजूला रुततात. मुरूम टाकलेली जागा मिळवा. ती मिळालीच नाही तर टेकूंखाली रुंद फळ्या घाला.

आणि शेवटी, जागा पसंत करायच्या आधी हे तपासा: पक्क्या छताची इमारत चालत दोन मिनिटांवर आहे का? जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर, चर्च, ग्रामपंचायत, काहीही चालेल, फक्त स्लॅबची हवी. अंतराइतकाच महत्त्वाचा प्रश्न चावीचा. शाळेला मेमध्ये कुलूप असतं आणि गुरुजी तालुक्याला राहतात. चावी गावात कुणाकडे असते, तो माणूस संध्याकाळी कुठे असतो, त्याचा नंबर काय, हे त्याच दिवशी लिहून घ्या. मला विचाराल तर चावीचं ठरल्याशिवाय जॅक खाली टेकवूच नये.

रस्त्यावर असताना

थोडक्यात सांगते, कारण हे गाडी चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. ट्रेलरची आरटीओकडची नोंदणी आणि विमा गाडीपेक्षा वेगळा असतो. ओढत असताना आत कुणीही बसायचं नाही, झोपलेलं बाळसुद्धा नाही. जड सामान चाकांच्या थोडं पुढे आणि तळाला ठेवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. पाय उचला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा.

सुरतेकडून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने येताना नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीचा घाट चढला की साक्रीचं उघडं पठार लागतं. तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्या तिथे का उभ्या केल्या हे लक्षात आलं की आडव्या वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. ढग भरलेले असतील तर घाटाखालीच चहाला थांबा. एक तास गेला तर गेला.

बांधणी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पाच मीटर लांब आणि दोन मीटर उंच अशा बाजूवर ताशी ६० किलोमीटरचा वारा आदळला तर पावणेदोनशे किलोच्या आसपास रेटा येतो. १२० ला तो सातशेच्या घरात जातो, आणि तोही झटक्याझटक्याने. साठला ट्रेलर नुसता हलतो म्हणून निश्चिंत होऊ नका.

मुक्काम लांबचा असला तरी वळवाच्या दिवसांत ओढणारी गाडी हुकाला जोडलेलीच ठेवा. तिचं वजन कामी येतं. चाकं जमिनीवर टेकलेली हवीत. सरळपणासाठी ट्रेलर जॅकवर उचलून ठेवायची हौस इथे नको. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ट्रेलरची अरुंद बाजू पश्चिमेला करा. वळवाचा वारा मात्र कुठूनही फिरतो, तेव्हा नुसत्या दिशेवर भरवसा ठेवता येत नाही.

दोर बांधायचे ते खालच्या लोखंडी सांगाड्याला. बाजूच्या पत्र्याला किंवा चांदव्याच्या, म्हणजे बाहेर सावलीसाठी ताणायच्या कापडी छताच्या, कड्यांना बांधू नका. ट्रकवाले माल आवळायला जो बेल्ट वापरतात तो सगळ्यात चांगला. नायलॉनचा दोर ताणतो आणि भिजल्यावर सैल पडतो. मुरमात पहार तिरकी ठोकून तिला बांधता येतं. काळ्या मातीत त्याचा उपयोग नाही. तिथे २०० लिटरचे निळे ड्रम पाण्याने भरून चार कोपऱ्यांना ठेवा. प्रत्येकी दोनशे किलो झाले, आणि गावात ते कुठेही मिळतात. ट्रेलरची स्वतःची पाण्याची टाकीही वादळाआधी पूर्ण भरा. वजन तळाला आलं की बरं, आणि वीज गेली की पाणीही जातं.

चांदवा मात्र दुपारी तीनलाच गुंडाळा. ढग असो नसो, रोज. उघडा चांदवा वारा पकडून ट्रेलरला एका बाजूने उचलतो. बाहेरच्या खुर्च्या, बादल्या, मुलांची सायकल, सोलरची सुटी पाटी, सगळं त्याच वेळी आत.

इशारा कसा वाचायचा

हवामान खात्याचे रंग चार: हिरवा, पिवळा, केशरी, लाल. ट्रेलरमध्ये राहणाऱ्याने एक पायरी वरचं समजून वागावं. पिवळ्याला केशरीची तयारी करा, केशरीला रात्र पक्क्या इमारतीतच काढा. सकाळी एकदा आणि तीन वाजता एकदा मोबाइलवर बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप टाकून घ्या. आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सांगतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात शिरलात तर रेंज धरून चालू नका. तिथे कानांवर विसंबा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजणी तीसच्या आत आली की उठायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

विजेबद्दल एक गैरसमज मोडायला हवा. रबराची चाकं आहेत म्हणून ट्रेलर सुरक्षित, असं नसतं. चारही बाजूंनी आणि वरून बंद असलेला धातूचा पत्रा विजेचा प्रवाह बाहेरून जमिनीत नेतो, त्याने संरक्षण मिळतं. फायबरच्या किंवा कापडी बाजूंच्या ट्रेलरला ते मिळत नाही. इमारतीपर्यंत जायला वेळच उरला नाही तर काचा वर करून गाडीत बसा. ती ट्रेलरपेक्षा बुटकी आणि जड असते.

निघताना क्रम असा ठेवा: गॅसचा रेग्युलेटर बंद, बाहेरून घेतलेली विजेची वायर काढलेली, खिडक्या बंद, चपला पायांत, पिशवी खांद्याला, मुलांची मोजणी, चालू पडा. पिशवी आधीपासून दाराशी टांगलेली असावी. तिच्यात बॅटरी, पॉवर बँक, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, औषधं, ओआरएसच्या पुड्या, एकेक कोरडा कपडा, पाणी, आणि छोटा नवा करार. मोठं बायबल भिजतं. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७, हे नंबर मोठ्या मुलांना पाठ हवेत. नवापूरच्या बाजूला असाल तर चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा.

जेवणाचंही सांगून ठेवते. ढगाळ दिवशी दुपारीच कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून फडक्यात बांधून ठेवा. संध्याकाळी गॅस बंद असणार, आणि उपाशी लेकरू दुप्पट घाबरतं. पौलाला हे कळलं होतं.

मुलं

पाच मीटरच्या खोलीत आई-बापाचं भय लपत नाही. “काही होणार नाही” असं म्हणू नका. मुलं पत्र्याचा आवाज ऐकत असतात आणि तुमचा शब्द खोटा पडला तर पुढच्या प्रार्थनेवरचाही विश्वास जातो. काय होईल आणि आपण काय करू, तेवढंच सांगा. “वारा जोरात येईल. आपण शाळेत जाऊ. ट्रेलर कदाचित भिजेल.” प्रत्येकाला एक काम द्या. मोठीने बॅटरी धरायची, मधल्याने धाकट्याच्या चपला बघायच्या, धाकट्याने पाण्याची बाटली. काम असलेलं मूल कमी रडतं. कोरड्या दिवशी खेळ म्हणून दोनदा-तीनदा सराव करा, एकदा अंधारात.

मार्कच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट मुलांना आवडते, कारण वादळात येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. ती सांगताना शिष्यांना बावळट ठरवू नका. त्यांत कोळी होते, त्यांना पाणी कळत होतं, आणि ते खरोखर घाबरले होते. येशू वाऱ्याला आधी गप्प करतो, शिष्यांना नंतर विचारतो. आधी लेकरांचं भय ऐका, विश्वासाचा पाठ सकाळी द्या. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला निघाला की एखादं पोर विचारेलच, आपलं घर तर चाकांवर आहे, मग? येशूचं म्हणणं ऐकणं आणि त्याप्रमाणे वागणं हा तिथला खडक आहे, जोत्याचा दगड नव्हे. अब्राहाम तर तंबूत राहिला, इसहाक आणि याकोबही. मंडळीतले एखादे काका चिडवतील तेव्हा हे उत्तर मुलांच्या ओठांवर असू द्या.

एरवीच्या दिवसांत मात्र वादळापेक्षा चिडचिड जास्त त्रास देते. उकाडा, ओले टॉवेल, एकाच ठिकाणी सगळे. रोज संध्याकाळी नवरा-बायकोपैकी एकाने मुलांना घेऊन तासभर बाहेर जावं आणि दुसऱ्याला एकटं सोडावं. हा नियम मोडला की कुटुंबप्रार्थना नावापुरती उरते.

शाळेच्या वर्गात बसल्यावर

प्रार्थना लहान ठेवा. एक गीत, सगळ्यांना पाठ असलेलं. एक वचन, स्तोत्र ४६ ची सुरुवात पुरते. आणि प्रत्येकाचं एक वाक्य. अंधारात लांबलेल्या प्रार्थनेने मुलांना वाटतं की मोठ्यांनी आशा सोडली.

वर्गात तुम्ही एकटेच नसाल. पत्र्याच्या घरातली माणसं, शेतावरचे सालदार, भिल्ल कुटुंबं, म्हाताऱ्या, शेळ्यासुद्धा असतील. अशा वेळी पत्रकं वाटू नका, मोठ्याने उपदेश करू नका. बाहेर वादळ आहे, दार बंद आहे आणि माणूस घाबरलेला आहे. त्याला उठून जायची मोकळीक नाही. पाणी द्या, बॅटरी द्या, भाकरी द्या. कुणी आपणहून म्हणालं, ताई, आमच्यासाठीही म्हणा, तर जरूर म्हणा. उलटही होईल. जवळची पक्की जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप असेल. खुशाल जा, चपला बाहेर काढा, कोपऱ्यात बसा, मनात प्रार्थना करा. यावर मंडळीत वाद घालणाऱ्यांना मी पावसात उभं राहायला सांगेन.

वादळ गेल्यावर

उजाडेपर्यंत ट्रेलरकडे जाऊ नका. तुटलेली तार पाण्यात पडलेली असू शकते, आणि पाऊस झाला की नाग, घोणस, मण्यार कोरडी जागा शोधत ट्रेलरखाली येतात. काठी आपटत, बॅटरी घेऊन जा. दार उघडून आधी वास घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून जमिनीजवळ वास घ्या. आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, दारं उघडून लांब थांबायचं. मग विम्यासाठी फोटो, आवरायच्या आधी.

आपलं आटोपलं की शेजारच्या बागेत जा. केळी पडलेल्या शेतकऱ्याकडे गेलात तर विचारल्याशिवाय एकही झाड हलवू नका. तलाठ्याचा पंचनामा व्हायचा असतो. आणि देवाने असं का केलं, याचं उत्तर तयार ठेवून जाऊ नका. शिलोहाचा बुरूज पडून माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूने लूकच्या तेराव्या अध्यायात नाही म्हटलं आहे. रविवारी साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा “आमचा ट्रेलर देवाने राखला” म्हणण्याआधी मागच्या बाकावर कोण बसलंय ते बघा. ज्याचे पत्रे गेले तोही प्रार्थना करत होता.

गाद्या दोन दिवस कडक उन्हात उभ्या ठेवा, नाहीतर बुरशी धरते. एकदा झटका बसलेले बेल्ट पुन्हा वापरू नका. धुळ्यात, भुसावळात ट्रकच्या सामानाच्या दुकानांत नवे मिळतात. चावीवाल्या माणसाला चहाला बोलवा, आणि दुपारी तीन वाजले की चांदवा गुंडाळा.